डोहाळ्यांच्या आड

(तालुक्याच्या गावी गरोदर स्त्रिया, त्यांच्या घरची मंडळी आणि आशाताई यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

भगिनींनो, गरोदरपणी चिंच-बोरे खावीशी वाटली तर त्यात काळजीचे काही नाही. मला बोलायचे आहे ते चोरून खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी: चुलीची भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, राख, मुठी भरभरून कच्चे तांदूळ. आपल्याकडे या सगळ्याला डोहाळे म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. वैद्यकशास्त्र मात्र अन्न नसलेले पदार्थ महिनाभर किंवा अधिक काळ खात राहणे हा आहाराचा विकार मानते, आणि विकार म्हटला की त्याला तपासणी व उपचार आले.

पाचव्या महिन्यातली एक सून तपासणीला आली होती. हिमोग्लोबिन ७ च्या जरा वर, म्हणजे फारच कमी, नखे पांढरीफटक. सासूबाई बाहेर गेल्यावर तिने पदराची गाठ सोडली, तर आत पेन्सिलीचे तुकडे. "मातीचा वास आला का जिवाले राहवत नाही, मॅडम," एवढेच ती बोलली आणि रडू लागली. तिला लाज वाटत होती ती खाण्याची नव्हे, पकडले जाण्याची. कारण घरात याआधी तिला यावरून बोलणी बसली होती.

शरीरात लोह कमी पडले की अशी ओढ लागल्याचे वारंवार आढळते, आणि पोटात गेलेली माती अन्नातले लोह धरून ठेवते, त्यामुळे रक्तक्षय (पंडुरोग) आणखी वाढतो. मातीबरोबर जंतांची अंडी जातात, कधी शिसेही जाते, आणि शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा माती खाणाऱ्या सुनेला रागावण्याआधी तिचे रक्त तपासा.

चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते; तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळ जणी ती कोनाड्यात ठेवून देतात. त्या काळेपणात अपाय नाही. लोह भरून आले की मातीची ओढ बहुधा ओसरते. मात्र गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्यातून होणारा रक्तक्षय लोहाच्या गोळीने बरा होत नाही. म्हणून सिकलसेलची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट न खाण्याची. "बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल," असे सांगून सातव्या महिन्यानंतर सुनेच्या ताटातली भाकर कमी केली जाते. निंदणाला वाकणाऱ्या बाईची भाकर कमी करणे हा अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणते; त्यातून बाळ कमी वजनाचे जन्मते आणि आई बाळंतपणातला रक्तस्राव सोसू शकत नाही. धडधाकट स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढायलाच हवे.

याउलट काही तरुण मुली, विशेषतः लग्नाआधीपासून जाड होण्याच्या धास्तीने उपाशी राहणाऱ्या, जेवण झाले की परसात जाऊन घशात बोट घालतात. घरच्यांना ते उमासे वाटतात. उमासे बहुतेकींचे चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबतात आणि ते कुणी मुद्दाम काढत नाही. मुद्दाम उलट्या काढत राहिल्यास रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हा हट्ट नव्हे, मनाचा आजार आहे; टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतून बोलता येते.

आशाताईंना माझी विनंती अशी की, गृहभेटीत "माती खाता का?" असे सासूसमोर विचारू नका. बाई एकटी असताना, "या दिवसांत कित्येकींना माती, पेन्सिल खावीशी वाटते, तुम्हाला काय वाटते?" असे विचारा, आणि उत्तर आले की कार्डावर लिहून दर महिन्याच्या ९ तारखेच्या मातृत्व तपासणीला तिला स्वतः सोबत घेऊन या.