सुट्टीतलं दुपारचं जेवण

[दृश्य: बागेच्या कडेला शाळेची पिवळी बस. आत बाकांच्या जागी टेबलं मांडलेली.]

अमेरिकेत कुठे मेच्या अखेरीला, कुठे जूनमध्ये शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. मग आठ-दहा आठवडे घंटा नाही, गृहपाठ नाही, आणि शाळेतलं जेवणही नाही. एरवी तिथे रोज सुमारे ३ कोटी मुलं दुपारी शाळेत जेवतात, त्यांतली बहुसंख्य मोफत किंवा अगदी थोड्या पैशांत. हातावर पोट असलेल्या घराला सुट्टीचा पहिला सोमवार फार जड जातो.

शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला १९४६ साली. सुट्टीतल्या भुकेकडे लक्ष जायला आणखी २२ वर्षं लागली. १९६८मध्ये प्रायोगिक काम सुरू झालं आणि १९७५मध्ये ‘समर फूड सर्व्हिस प्रोग्रॅम’ ही स्वतंत्र योजना उभी राहिली. पैसा केंद्राच्या कृषी खात्याचा, देखरेख राज्याची. वाढण्याचं काम मात्र गावातलीच माणसं करतात: शाळा, नगरपालिका, चर्च, स्वयंसेवी संस्था.

[दृश्य: वाचनालयाच्या दारात मुलांची रांग.]

रांगेतल्या या मुलांना कोणी काही विचारत नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. ज्या भागातली निम्मी किंवा अधिक मुलं शाळेत मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असतात, तिथे खुलं केंद्र सुरू करता येतं. तिथे येईल त्या प्रत्येक मुलाला, वयाच्या १८ वर्षांपर्यंत, जेवण मिळतं. नावनोंदणी नको, उत्पन्नाचा दाखला नको, ओळखपत्र नको. आपण गरीब आहोत हे आधी पटवून द्या आणि मग जेवा, असं या मुलांना कोणी म्हणत नाही. इतक्या वर्षांत हा शहाणपणा टिकला, याचा फार आनंद वाटतो.

जेवण साधंच. एक कप दूध, पाऊण कप फळं-भाज्या, पाव किंवा दुसरा धान्याचा पदार्थ, आणि मांस, अंडं, चीज किंवा उसळीसारखं काही. सोबत आलेल्या आईला मात्र या पैशांतून घासही देता येत नाही. काही केंद्रं त्यासाठी वेगळी देणगी उभी करतात.

[दृश्य: लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं.]

अन्न आहे, पैसा आहे, तरी शाळेत जेवणाऱ्या मुलांपैकी थोडीच मुलं उन्हाळ्यात या केंद्रांपर्यंत येतात. अडतं ते पोहोचण्यावर. शाळेच्या बस बंद असतात, आईवडील कामावर असतात, आणि खेड्यात केंद्र कित्येक मैल दूर असतं. त्यात नियम असा होता की जेवण केंद्रातच बसून संपवायचं. मोठ्या मुलांची अडचण आणखी निराळी. कुणी धाकट्या भावंडांना सांभाळत घरी असतं, कुणी कामाला जातं, आणि लहानग्यांच्या खेळांनी भरलेल्या खोलीत सोळा वर्षांचा मुलगा सहजासहजी पाऊल टाकत नाही. म्हणूनच सुरुवातीला दिसलेली ती टेबलं मांडलेली बस महत्त्वाची: ती जेवण घेऊन वस्तीवर जाते.

२०२०च्या कोविडकाळात जागेवरच जेवण्याची अट सैल झाली. डबे घरी जाऊ लागले. डिसेंबर २०२२च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी ही मुभा कायम केली, आणि २०२४पासून ‘समर ईबीटी’ आणलं: पात्र मुलामागे महिन्याला ४० डॉलर, उन्हाळ्याचे १२० डॉलर, किराण्यासाठी कार्डावर जमा. काही राज्यं त्यात आलीच नाहीत, आणि तिथल्या मुलांना ते पैसे मिळाले नाहीत. हे मनाला लागतं.

[दृश्य: नकाशावरचे ठिपके.]

जवळचं केंद्र कृषी खात्याच्या संकेतस्थळावरच्या नकाशात सापडतं, किंवा शाळेत आणि वाचनालयात विचारता येतं. वेळ आधी पाहून जावं. जेवण ठरलेल्या थोड्या वेळातच वाढतात, आणि ४ जुलैच्या सुट्टीला बरीच केंद्रं बंद असतात.