मुठीवरची नक्षी आणि तुरुंगात पोचलेलं पदक

नमस्कार श्रोतेहो. जुन्या अमेरिकन रिव्हॉल्वरची मूठ जवळून पाहिलीत, तर तिच्यावर शंकरपाळ्यांसारखी बारीक नक्षी दिसते. ती शोभेची असते, पण घामेजलेल्या हातातून शस्त्र निसटू नये यासाठीही असते.

लाकडी मूठ बहुधा अक्रोडाची. कारागीर तिच्यावर एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दोन मुख्य रेघा आखायचा. मग हातात दोन दातेरी धारांचं हत्यार. एक धार आधीच्या खाचेतून चालते, दुसरी तिच्या शेजारी नवी खाच पाडते. म्हणजे जुनी खाच हीच नव्या खाचेची पट्टी! पुन्हा सांगतो, जुनी खाच हीच नव्या खाचेची पट्टी. त्यामुळे पहिली रेघ चुकली की पुढच्या सगळ्या चुकल्या. एका इंचात साधारण 18 ते 24 रेघा. एक दिशा झाली की दुसरी, आणि मग रेघांमधल्या प्रत्येक शंकरपाळीला टोक येईपर्यंत खाचा खोल करत न्यायच्या. शेवटी ब्रशने भुसा झाडून तेलाचा हात.

कारखान्यातून हजारोंनी रिव्हॉल्वर निघू लागली, तेव्हा एवढा वेळ परवडेना. मग आलं कडक रबर, म्हणजे एबोनाइट. आणि इथे मला चार्ल्स गुडइयरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा माणूस रबराच्या नादाने कफल्लक झालेला. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. कर्जापायी तुरुंगवाऱ्या झाल्या, घरात खायची भ्रांत, आणि एकदा तर याने मुलांची शाळेची पुस्तकं विकली. शोध कितीही मोठा असो, मुलांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. असो. 1839 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापल्या शेगडीला लागलं. ते वितळायला हवं होतं, पण चामड्यासारखं करपलं. त्यातून 1844 चं पेटंट आलं. पुढे त्याचा भाऊ नेल्सन याने गंधक बरंच वाढवून लाकडासारखं टणक रबर केलं आणि 1851 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

त्याच 1851 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात चार्ल्सने रबराचं दालन उभारलं, भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं रबराचं. आणि त्याच छपराखाली अमेरिकन बंदूक-कारखानदार सॅम्युअल कोल्ट आपली रिव्हॉल्वर मांडून बसला होता! मग 1855 चं पॅरिसचं प्रदर्शन. फ्रान्समधलं पेटंट रद्द झालं, येणारा पैसा थांबला, देणेकरी दारात आले आणि गुडइयर पॅरिसमधल्या क्लिशीच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला 'लिजन ऑफ ऑनर' या फ्रान्सच्या मोठ्या सन्मानाचा क्रॉस, म्हणजे पदक, त्याच्या मुलाने त्याला त्या तुरुंगात नेऊन दिला. विचार करा श्रोतेहो, बाहेर देश सन्मान करतोय आणि सन्मानाचा धनी कोठडीत! 1860 मध्ये तो वारला, तेव्हाही डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली 1898 साली, आणि तिच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. संशोधकाला त्याच्या हयातीत पैसे मिळायला हवेत, नंतर नाव देऊन काय उपयोग?

तर एबोनाइटची मूठ. पोलादी साच्यात नक्षी उलटी कोरायची, मऊ मिश्रण दाबून भरायचं आणि तापवायचं. कौशल्य साच्यात एकदाच, मुठी मात्र हजारो. कोल्टचा गरुड, स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या रिव्हॉल्वर कंपनीची गुंफलेली अक्षरं याच रीतीने उठली. अशी मूठ पडली तर तडकते, आणि उन्हात काळी असलेली तपकिरी होते.

हाताची आणि साच्याची नक्षी ओळखायची असेल तर कड बघा. हाताने कापलेल्या नक्षीत एखादी खाच कडेच्या रेघेपलीकडे निसटलेली सापडते. साच्यातल्या नक्षीत तसं होत नाही. आणि कुठे मूळ जुनी मूठ हाती आलीच, तर कृपा करून तिला पॉलिशपेपर लावू नका. नमस्कार.