गिरणीतला पणजोबा कागदावर कसा सापडतो

पणजोबा लालबाग-परळच्या गिरणीत होते, गाव रत्नागिरीकडचं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मग शोध सुरू होतो तो आडनावावरून, आणि तिथेच फसतो. साधा माणूस कागदावर येतो तो सरकारला त्याच्याकडून सारा घ्यायचा असेल तेव्हा, शाळेने त्याला पटावर घेतलं तेव्हा किंवा तो मेला तेव्हा. म्हणून आधी दप्तर ठरवा, नाव नंतर.

सुरुवात मृत्यूपासून करा. मृत्यूची नोंद होते ती जिथे मरण आलं त्या ठिकाणी, राहत्या घराच्या पत्त्यावर नव्हे. वरळीच्या चाळीत राहणारा माणूस परळच्या केईएम रुग्णालयात गेला, तर नोंद महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात असते. लोक वरळीच्या जी दक्षिण विभागात खेटे घालतात आणि ‘नोंद आढळत नाही’ असा कागद घेऊन परततात. शिवाय कामावरून निवृत्त झाल्यावर पुष्कळजण गावी गेले. त्यांची नोंद मुंबईत मिळणारच नाही, ग्रामपंचायतीत किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या जुन्या गाव नमुना 14 मध्ये बघा. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. अर्जात एकच तारीख घालू नका, मागची-पुढची दोन-दोन वर्षंही मागा. आणखी एक: 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दाखला मिळतो, पण त्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. त्यासाठी कारकुनाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मुंबईतले बाकीचे कागद घरातच शोधा: गिरणीचं तिकीट, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, खोलीची भाडेपावती, गावच्या मुंबई मंडळाची वर्गणीची वही. या वहीला कुणी विचारत नाही, पण वाडीचं नाव तिथे हमखास असतं. जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. परदेशात शंभर वर्षांपूर्वीची घरोघरची यादी वाचता येते, आपल्याकडे 1948 च्या कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय आहे.

आता गाव. मालवण, देवगडची गावं जुन्या कागदावर रत्नागिरी जिल्ह्यात दिसतील, सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींचे. कंसात घातलेलं नाव म्हणजे कमी झालेला माणूस, आणि आपल्याला हवा असतो तो बहुधा कंसातच. तो आकडा धरून गाव नमुना 6, म्हणजे फेरफाराची नोंदवही, मागा. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात.

समजा 1931 ची नोंद अशी आहे: ‘राघू बिन सखाराम मयत, वारस मुलगा गणू, वय 9, अ. पा. क. आई काशी कोम राघू, रा. मुंबई.’ सावकाश वाचा. ‘बिन’ म्हणजे चा मुलगा, ‘कोम’ म्हणजे ची बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक. एका ओळीत तीन पिढ्या आल्या, शिवाय गणू साधारण 1922 चा आणि आईबरोबर मुंबईत, हेही कळलं. आडनाव नाही म्हणून ही नोंद सोडून देणारे खूप. पण 1931 हे राघूच्या मृत्यूचं वर्ष समजू नका, ते वारस लावल्याचं वर्ष. वारस लावायला दहा-दहा वर्षं उशीर झालेला असतो. मुलाचं वयही अंदाजाचंच.

जन्मतारखेची पडताळणी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून करा. तिथे 1 जून दिसला की हसा आणि पुढे जा, मास्तरांनी नाव घालताना सोयीसाठी टाकलेली ती तारीख. वर्ष तेवढं कच्चं धरा. शके दिलं असेल तर त्यात 78 मिळवा, जानेवारी ते चैत्राआधीचे दिवस असतील तर 79.

जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा पाळत नाहीत. वाचून घेणाऱ्याला घरातल्या माणसांची आणि वाडीची नावं आधी लिहून द्या, आणि फोटो काढताना पूर्ण पान घ्या. कापलेल्या ओळीवरून कुणीही वाचू शकत नाही.

पणजीचा माग सगळ्यात अवघड. ती नवऱ्याच्या फेरफारात ‘कोम’ म्हणून येते, माहेर तिथे नसतं. ते तिच्या बापाच्या गावी बघावं लागतं. बाप 1956 नंतर वारला असेल तर हिंदू वारसा कायद्यामुळे मुलीही वारस म्हणून लागतात, सासरच्या नावाने आणि सासरच्या गावासह. त्याच्या पुढचाच फेरफार पुष्कळदा हक्कसोडीचा, म्हणजे मुलींनी आपला वाटा सोडल्याचा निघतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असतं. त्याची नक्कल काढा, पणजीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्यावर असतो.