उंची थांबली, आणि संशय पंपावर

(दृश्य: बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना. भिंतीवरची उंचीची पट्टी, तिला पाठ टेकून उभी मुलगी.)

दम्याच्या मुलाची उंची वाढेनाशी झाली, अंग जाड दिसायला लागलं, की घरात पहिला संशय श्वासातून औषध देणाऱ्या पंपावर जातो. "स्टेरॉइडच आहे ते, दुसरं काय होणार," असं कुणीतरी म्हणतं आणि पंप परस्पर बंद होतो. मग रात्रीचा खोकला परततो, छातीत घरघर सुरू होते.

पंपामुळे उंची खरंच किती कमी होते, याचं उत्तर आहे. अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १०४१ दमेकरी मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. ही मुलं मोठी झाल्यावर, २०१२ साली, त्यांच्या उंचीचे आकडे प्रसिद्ध झाले. बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप घेतलेल्यांची उंची, औषधाविना पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी होती. बस, एवढीच. शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. ते दोनच सेंटीमीटर वाढलं, तर नेहमीच्या मात्रेतल्या पंपावर सगळा दोष टाकून गप्प बसणं त्या मुलावर अन्याय आहे.

(दृश्य: गळ्याच्या पुढच्या भागाचं रेखाचित्र, श्वासनळीला बिलगलेली ग्रंथी.)

अशा वेळी थायरॉईड आठवायला हवा. या ग्रंथीचं संप्रेरक कमी पडलं, की वाढ मंदावते, वजन चढतं, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही, मूल सुस्तावतं. या वयात बहुतेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार. निदान साध्या रक्ततपासणीत होतं, आणि थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच संप्रेरकाची, गोळी सुरू झाली की वाढ पुन्हा वेग घेते.

म्हणून प्रत्येक दमेकरी मुलाची टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) तपासणी करत सुटायचं का? नाही. दम्यामुळे थायरॉईड बिघडतो, असं सिद्ध झालेलं नाही. लक्षणं दिसली, वाढीचा आलेख घसरला, तर तपासायचं.

तपासणीची वेळही महत्त्वाची. दम्याचा मोठा झटका येऊन मूल दाखल झालं, स्टेरॉइड शिरेतून किंवा तोंडावाटे सुरू झालं, की टीएसएच आणि टी-थ्री (थायरॉईडचं एक संप्रेरक) दोन्ही खाली येऊ शकतात. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. त्या दिवसांतला रिपोर्ट हाती घेऊन घाबरलेले आईवडील डॉक्टरांना नेहमी भेटतात. तातडीचं कारण नसेल, तर मूल सावरल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करणं शहाणपणाचं.

(दृश्य: स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप घेणारी किशोरवयीन मुलगी. तिच्या बोटांचा क्लोज-अप.)

उलट बाजू अधिक फसवी आहे. थायरॉईड जास्त काम करायला लागला, की हात थरथरतात, छाती धडधडते. श्वासनलिका चटकन मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलच्या पंपानंतरही नेमकं हेच होतं, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. भूक वाढूनही वजन घटतंय, पंप न घेताही नाडी जोरात चालतेय, मानेवर सूज दिसतेय, तर थांबू नका. वाढलेल्या थायरॉईडमुळे दमाही हट्टी होऊ शकतो. ग्रंथी काबूत आली, तेव्हा कुठे दमा शांत झाला, असे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. जे दम्यासाठी थिओफायलीन हे औषध घेतात, त्यांच्या शरीरातून ते औषधही अशा वेळी लवकर बाहेर पडतं. थायरॉईड कमी असेल, तर उलट साचत जातं.

आणि सर्वांत जपायची गोष्ट. धडधड कमी करायला थायरॉईडच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देण्याची पद्धत आहे. श्वासनलिकेत साल्बुटामॉल ज्या ठिकाणी काम करतं, तीच जागा हे औषध अडवतं. दम्याच्या मुलाला त्यानं जीवघेणा झटका येऊ शकतो. थायरॉईडसाठी नव्या डॉक्टरांकडे जाताना पंप सोबत न्या, आणि चिठ्ठी लिहायला घेण्याआधीच सांगा: "डॉक्टर, हिला दमा आहे."