शूगली खुंटीवरचा कोट

[दृश्य : ॲबर्डीनचा किनारा, सकाळ]

समोर समुद्र आहे, पण दिसत नाही. 'हार' आलाय. हा हार गळ्यात घालायचा नव्हे. उत्तर समुद्रावरून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर जे गारठलेलं धुकं चालून येतं, त्याचं हे नाव. ऐन उन्हाळ्यातही ते येतं आणि दोरीवरचे कपडे पुन्हा ओले करून जातं.

हवामानाच्या बाबतीत स्कॉट्स भाषेचा हात सढळ आहे. पडतोय की नाही अशी शंका यावी, ती भुरभुर म्हणजे 'स्मर'. जमिनीवर आपटून थेंब परत उडतात, तो पाऊस 'स्टोटिंग'. त्यात चिंब झालेला माणूस 'ड्रूकिट'. आणि आभाळ गच्च, हवेत ओल, घराबाहेर पडावंसं वाटत नाही, असा दिवस 'ड्रीख'. यातला 'ख' घशातून खरवडून काढायचा. 'ड्रीक' म्हणालात की तुम्ही पाहुणे, हे कळलंच. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये बर्फाशी संबंधित ४२१ शब्द मोजून दाखवले. एवढे शब्द रोज कुणी वापरत नाही, हे उघड आहे. पण कोपऱ्यावर वाऱ्यानं गिरकी घेणाऱ्या बर्फासाठी 'फीफल' असं क्रियापद असावं, यात मजा आहे.

स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही स्कॉटलंडची दुसरी जुनी भाषा, निराळ्या, केल्टिक शाखेतली. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण. दोघी जुन्या इंग्रजीतूनच निघाल्या, पुढे आपापल्या वाटेनं गेल्या.

[दृश्य : ॲबर्डीनचा बाजार]

इथल्या स्कॉट्स बोलीला डोरिक म्हणतात. दोन ओळखीचे भेटले की एक विचारतो, 'फूज यर डूज?' तुझी कबुतरं कशी आहेत? दुसरा म्हणतो, 'आय पेकिन.' टिपताहेत दाणे. कबुतरं कुणीच पाळलेली नसतात. बरं चाललंय, एवढंच सांगायचं असतं. इथे इंग्रजीतल्या 'व्हॉट'चं 'फिट' होतं आणि 'फिट' म्हणजे पाऊलसुद्धा. मग बुटांच्या दुकानातला जुना विनोद तयार होतो : 'फिट फिट फिट्स फिट फिट?' कुठला पाय कुठल्या पायात बसतो?

[दृश्य : ग्लासगो, जुन्या दगडी इमारती]

या तीन-चार मजली चाळवजा इमारतींच्या मागच्या अंगणात पोरं खेळायची. भूक लागली की खालूनच आईला हाक. आई पावाला जॅम फासायची, कागदात गुंडाळायची आणि खिडकीतून खाली टाकायची. जिना चढायचे कष्ट कोण घेतो? हा 'जीली पीस'. 'पीस' म्हणजे सँडविच, आणि कामावर नेलेला डबासुद्धा. दुकानातून वाणसामान आणायला जाणं म्हणजे 'मेसेजेस'ला जाणं. निरोप कुणाचा नसतो, पिशवी भरून बटाटे असतात.

ग्लासगोकडच्या माझ्या सगळ्यात आवडत्या वाक्यात 'शूगली' आहे. शूगली म्हणजे डुगडुगणारं. 'तुझा कोट शूगली खुंटीवर टांगलाय' असं कुणी म्हणालं, तर नोकरी जायची वेळ आली समजा. फुटबॉलचा संघ ओळीनं हरू लागला की प्रशिक्षकाचा कोट हमखास त्या खुंटीवर जातो.

[दृश्य : रिकामा वर्ग, फळा]

याच शब्दांसाठी शाळेत मुलांनी चामड्याच्या पट्ट्याचे फटके खाल्ले. १९४६ च्या सरकारी अहवालानं तर लिहूनच टाकलं की ही सुशिक्षितांची भाषा नव्हे, शिक्षणाचं माध्यम व्हायला योग्य नाही. जानेवारीत मात्र, राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या निमित्तानं, त्याच वर्गात त्याच्या स्कॉट्स कविता पाठ करायच्या आणि बक्षीस घ्यायचं. बाकीचे महिने 'नीट बोल'.

जनगणनेत स्कॉट्सबद्दल पहिल्यांदा विचारलं गेलं ते २०११ मध्ये. २०२२ च्या गणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला ती बोलता येते असं नोंदवलं. २०२५ मध्ये कायदा झाला आणि ३० नोव्हेंबरला, स्कॉटलंडचा संरक्षक संत सेंट अँड्र्यूच्या दिवशी, गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला.

[दृश्य : एडिनबरा, कार्यालयीन कागद]

आणि ते सुशिक्षित? स्कॉटलंडचे वकील, प्राध्यापक, अधिकारी आपल्या कागदांत 'आउटविथ' हा शब्द सर्रास लिहितात. अर्थ, 'च्या बाहेर'. कार्यालयीन वेळेच्या आउटविथ, कराराच्या आउटविथ. हा शब्द स्कॉट्स आहे, हे त्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं. ते कळतं लंडनच्या संपादकानं त्याखाली लाल रेघ मारली की.