रात्री दीडला दगडातून कोण बाहेर येतंय

(अंधार. पंपाची घरघर. लाल उजेडात एक दगड, दगडात एक भोक.)

रात्रीचा दीड वाजलाय, कोल्हापूर, राजारामपुरी. माशांच्या टँकची लाईट दहालाच बंद केलीय आणि मी वीस मिनिटं झाली पाटावर बसून त्या एका भोकाकडं बघतोय. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद लावलाय, कारण पांढरा उजेड पडला की आत जे काय आहे ते सटकन मागं सरकतं, लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही.

हा तीन फुटी टँक. समुद्र इथनं आंबा घाट उतरून पार रत्नागिरीला, त्यामुळं आमचा समुद्र पुडीतला, आरओच्या पाण्यात खास टँकचं मीठ (स्वयंपाकाचं नव्हे, सगळे हेच विचारतात), लिटरला साधारण 35 ग्रॅम, खारेपणाच्या मीटरवर 1.025, तापमान 25-26. यात मी तीन मासे सोडले. बाकी जे फिरतंय ते मी सोडलेलं नाही.

ते आलं दगडासोबत. एकानं टँकची हौस बंद केली, त्याच्याकडचा सिरॅमिकचा जुना दगड मी घेतला, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेला, म्हणजे आत भोकाभोकात भाडेकरू. आणि कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा कोरल (प्रवाळ) खिशात घालून आणायचा विचार करत असाल तर नको, दगडासारखे कडक कोरल 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत.

(दिवस. काचेला टेकलेलं बोट.)

पहिला भाडेकरू आईनं बघितला. "अरं, गोम हाय पाण्यात!" गोमच वाटते, गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडेला पांढऱ्या केसांचे झुपके. पण गोम नव्हे, हा ब्रिसल वर्म. शाळेत वलयांकित प्राणी म्हणून गांडूळ, जळू आणि नेरिस पाठ केलेलं आठवतंय का, त्यातल्या नेरिसच्या बाजूचा. उसाच्या रानातल्या गांडुळालापण केस असतात, उलट्या दिशेनं बोट फिरवलं की खरखर लागतात, फक्त मोजके. याला भरपूर, आणि ते सुरवंटासारखे कातडीत घुसून मोडतात आणि मग आग आग होते. मी एकदा हातमोजे न घालता दगड उचलला होता. चिकटपट्टी लावून ओढायची, केस निघतात, वरनं व्हिनेगर. चोळायचं तर अजिबात नाही.

पण हा माणूस वाईट नाही हो. उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, माशाची घाण, सगळं साफ करतो. लोक बघितला की चिमट्यानं तोडतात, आणि यातल्या काही जाती अशा आहेत की तुकडा पडला की तुकड्याचा नवीन किडा होतो, म्हणजे रक्तबीजच. अंबाबाईच्या गावात हे वेगळं सांगायला नको. फार वाढले असतील तर किडा मारू नका, खाणं कमी टाका, लोकसंख्या आपोआप उतरते.

मग बारकी मंडळी. काचेवर पांढरे, खसखशीएवढे, जिलबीसारखे वळलेले ठिपके, तो स्पायरॉर्बिस, नळीत राहणारा किडा, काहीही करत नाही. भोकातनं शेवयांसारख्या लांब पांढऱ्या दोऱ्या बाहेर, स्पॅगेटी वर्म, अंग आत ठेवून नुसत्या दोऱ्यांनी वाळूवरचं खाणं गोळा करतो. आणि काही वेळा तो किडाच नसतो, कडक नळी आणि त्यातनं कोळ्याच्या जाळ्यासारखा चिकट धागा दिसला तर ती व्हर्मेटिड, चक्क गोगलगाय, नळीत बसलेली. तिचं जाळं कोरलवर पसरलं की कोरल चिडतो.

चपटा दिसला तर मात्र थांबा. अंगावर कड्या नाहीत, पानासारखा, काचेवरनं सरपटतोय, तो फ्लॅटवर्म. गंजाच्या रंगाचे, अर्धा सेंटीमीटरच्या आतबाहेर, शेपटीला टोकं असलेले असतील तर अंगात शेवाळ पाळलेलं असतं म्हणून उजेडात बसून राहतात, हजारांनी होतात. औषध मारायच्या आधी नळीनं जेवढे ओढता येतील तेवढे ओढून काढा, कारण सगळे एकदम मेले की विष सुटतं आणि मासे जातात. मोठे चपटे, नाण्याएवढे, शिंपला नाहीतर गोगलगायीवर सापडले तर ते तिथं जेवायला आलेत.

(पुन्हा रात्र. लाल उजेड. भोकातून काहीतरी हलतं.)

आणि हा. दीड वाजताचा. कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून भोकापाशी नेला, आणि आधी मिशा आल्या, एक, दोन, तीन, चार, पाच. मग डोकं, काळपट लालसर, अंगावर मोरपिसासारखी झाक. तुकडा ओढला आणि गेला आत. चिमट्याला जो हिसका बसला ना!

पाच मिशा म्हणजे युनिस नावाच्या किड्यांचा गट. म्हटल्यावर झोप उडाली, कारण झडप घालून मासे धरणारा बॉबिट वर्म यातलाच. 2009 ला इंग्लंडमधल्या न्यूकीच्या ॲक्वेरियममध्ये कोरल कोण तोडतंय कळेना, सापळे लावले, शेवटी सगळे दगड बाहेर काढले तर चार फुटी किडा निघाला. आणि जपानात एक मिळालेला 299 सेंटीमीटरचा, 673 कड्यांचा. पलंगापेक्षा लांब.

पण पाच मिशा बघून एवढ्यात बॉबिट ठरवायचं नाही, युनिसच्या जाती भरपूर, त्यातले कितीतरी बोटभरच राहतात. म्हणून घाई केली नाही. आठवडाभर रोज रात्री बसलो. मासे तीनच्या तीन, कोरल साबूत, गोगलगायी जागेवर. तो नुसता शेवाळ कुरतडत होता आणि पडलेले दाणे उचलत होता.

मग दगड बादलीत काढला, गाड्यावरनं साधा सोडा आणला, लिंबू-साखर न घातलेला, आणि सिरिंजनं भोकात मारला. गाडीवाल्यानं विचारलं कशाला पायजे, म्हटलं किड्याला पाजायचाय, त्यानं पैसे आधी घेतले. दुसऱ्या सिरिंजला पाहुणा बाहेर. लगेच मिठाच्या पाण्याच्या डब्यात घेतला, गुजरीतल्या सोनार मित्राकडनं दहापट भिंग मागून आणलेलं, त्यानं बघितलं. पाच मिशा, अंगावर कल्ल्यांचे लाल तुरे, लांबी 14 सेंटीमीटर. नेमकी जात मला लागली नाही, युनिसपाशी थांबलो.

मारला नाही. टँकच्या खाली फिल्टरची टाकी असते ना, संप, त्यात एक दगड ठेवून तिथं सोडला. वर यायला वाट नाही, जाळी आहे.

आता आई सकाळी चहाच्या आधी कपाटाचं दार उघडते. "जेवला काय रं त्यो?" मी म्हणतो, आई, हात घालू नकोस. मोजायला म्हणून काचेला पट्टी चिकटवलीय. काल डोकं पंधराच्या रेघेपर्यंत आलं होतं, आणि शेपूट अजून आतच होतं.