चाकाच्या पोटातली घरघर

आवाज ऐका जरा. बाइकचं इंजिन बंद आहे, पुढचं चाक अधांतरी आहे आणि ते नुसतं हाताने फिरवलंय. तो सर्र सर्र येतो-जातो ना, ते ब्रेक पॅड घासतायत, त्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्या खाली एक बारीक घरघर आहे, जात्यात खडा गेल्यासारखी, ती बेअरिंगची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या छर्‍यांच्या कडीची. ऐकू येत नसेल तर चाक फिरत असताना फोर्कवर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पुढच्या दांड्यांवर, तळहात ठेवा, हाताला आधी कळतं.

आता टायर वर एका हाताने, खाली एका हाताने धरून हलवायचा. खट्ट लागलं? प्ले आहे, म्हणजे कुठेतरी सैलपणा. पण लगेच बेअरिंगवर खापर फोडू नका, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं, सैल असला तरी अस्संच हलतं, म्हणून दुसऱ्या कुणालातरी फोर्क घट्ट धरायला सांगा आणि मग बघा. फोर्क जागेवर आणि चाक एकटंच हलतंय, मग शंका नको. डिस्क ब्रेक असेल तर अजून एक गंमत होते, डुगडुगणारी डिस्क पॅडना मागे ढकलते आणि लिव्हर पहिल्यांदा दाबला की खोल जातो, लोक बिचारे ब्रेक ऑइल बदलत बसतात.

एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, काढला, बेअरिंगवरचं सील काढलं, आता बोट आत घालून आतली रिंग हळू फिरवायची. इथे बरेच जण फसतात. भिंगरीसारखं गरगर फिरलं की म्हणतात मस्त आहे, अहो नाही, ते कोरडं झालंय, आतलं ग्रीस गेलंय! सीलवालं नवं बेअरिंग किंचित जड फिरतं, पण सलग. मध्येच अडकल्यासारखं, कचकच लागलं तर छर्‍यांची वाट खडबडीत झालीय, वरून कितीही ग्रीस थापा, ती गुळगुळीत होणार नाही, बदलायचंच. पाणी शिरणं हे मोठं कारण, प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, मारला की ते सीलच्या ओठातून आत जातं.

नवं घेताना कडेवरचा नंबर वाचा. समजा ६३०२ असेल तर आतलं भोक १५, बाहेरचा व्यास ४२ आणि जाडी १३ मिलिमीटर. पुढे २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील.

बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. मी एकदा घाईत आतल्या रिंगवर हातोडी मारली, सगळा मार छर्‍यांवर गेला आणि कोरं बेअरिंग बसवतानाच कचकचायला लागलं. तेव्हापासून जुनं बेअरिंग वर ठेवून ठोकतो, हब आधी गरम करतो, नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये, मग फार मारावंच लागत नाही.

आणि ही साधी नळी दिसतेय ना, दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर, एक बेअरिंग तळापर्यंत बसवलं की ही घालायची आणि मगच दुसरं, कारण एक्सलचा नट आवळला की तो सगळा दाब हीच झेलते. ही विसरली तर आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, छरे आडवे दाबले जातात आणि नवंकोरं बेअरिंग लवकरच परत घरघरायला लागतं.

नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरावर, आवळलाय. चाक परत फिरवलंय, फोर्कवर हात आहे. आता फक्त पॅडची सर्र सर्र.